पडलेली घरे पुन्हा उभारताना : किल्लारीच्या भूकंपाचा धडा

ह्या आठवड्याचा पाठ घर बांधण्याविषयी आहे. हा तर गवंड्याचा व सुताराचा विषय, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या छपराखाली आपली लेकरे निजतात ते कसे बांधले आहे हे पाहणे प्रत्येक घरधन्याचे व घरधनिणीचे कर्तव्य आहे. मोशेच्या नियमशास्त्रातही नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी वरून पडून मरणार नाही, अशी आज्ञा आहे. यावरून घराच्या बांधणीत शेजाऱ्याच्या जिवाची जबाबदारी असते ही गोष्ट किती जुनी आहे हे दिसते.

ह्या पाठात तीन गोष्टींचा विचार करू. संकटात घरे का पडतात. ती पुन्हा उभारताना कोणती चूक टाळावी. आणि घर बळकट होऊन शिवाय भूमी, पाणी, वृक्ष व इंधन यांची नासाडी होऊ नये यासाठी काय करावे. उदाहरण मुख्यतः आपल्या मराठवाड्यातीलच घेऊ.

१. काय घडले

तारीख ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (हल्लीचे नाव धाराशिव) ह्या जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरी येऊन निजले होते. औसा तालुक्यातील किल्लारी, उमरगा तालुक्याच्या बाजूचे सास्तूर, होळी व आसपासची पुष्कळ गावे थोड्याच क्षणांत जमीनदोस्त झाली. सुमारे ८,००० माणसे मेली असे सरकारी गणना सांगते. काहींच्या मते हा आकडा १०,००० च्या जवळ जातो.

भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. ही तीव्रता लहान नव्हे. पण एवढ्याच तीव्रतेचे भूकंप इतर देशांत झाले असता तेथे इतकी माणसे मेली नाहीत, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. तेव्हा प्राण कोणी घेतले, हा प्रश्न विचारला पाहिजे. जमीन हादरली हे खरे. परंतु माणसे मेली ती घरांच्या भिंती व माळवदे अंगावर पडून. जमिनीचा हादरा कोणाच्या हाती नाही. भिंत मात्र मनुष्याच्या हातची आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९३ पूर्वीच्या सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा गणला जात असे. महाराष्ट्रात भूकंप म्हटला की ११ डिसेंबर १९६७ चा कोयनानगरचा भूकंप लोकांना आठवे. काळ्या जमिनीच्या मराठवाड्यात असे काही होईल असे कोणाच्या मनात नव्हते. पुढे २००२ साली नकाशा सुधारण्यात आला व किल्लारीचा प्रदेश वरच्या धोक्याच्या वर्गात घालण्यात आला. यावरून, आमच्या गावी कधी झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही, असे मानणे सुरक्षित नाही हे दिसून येते.

२. घरे का पडली

मराठवाड्यातील जुने घर आपणांस ठाऊक आहे. आत लाकडी खांब व तुळया, त्यांवर कडीपाट, वर मातीचे माळवद, आणि भोवती दोन ते तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. हे घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार असते. त्यात लागणारे सर्व साहित्य गावच्या शिवारात मिळते. अशा घराला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्यात चार दोष शिरले होते, व त्या दोषांनी घात केला.

पहिला दोष छपराच्या ओझ्याचा. माळवद गळू लागले की दरसाल वर नवी माती घालावयाची अशी रीत पडली होती. बापाने घातलेल्या मातीवर मुलाने घातली, मुलाच्या मातीवर नातवाने. अशा रीतीने कित्येक घरांवर दीड-दोन फूट मातीचा थर जमला. आता हिशेब करा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती म्हणजे १५० घनफूट माती. एका घनफुटाचे वजन सुमारे ४८ किलो धरले तर ७,००० किलोंहून अधिक भार झाला. शंभर किलोंच्या पोत्यांनी मोजला तर सत्तर पोती धान्य निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर रचून ठेवल्यासारखे हे होय.

भूकंपात ओझ्याचे महत्त्व का, हे बैलगाडीवरून समजते. रिकामी गाडी खाचरीत गेली तर धक्का बसतो पण गाडी उलटत नाही. कडब्याने उंच भरलेली गाडी तेवढ्याच धक्क्याने कलंडते. जमीन आडवी हलली म्हणजे वरचा भार मागे राहू पाहतो, आणि जितका भार अधिक तितका भिंतीवर व खांबावर आडवा जोर अधिक पडतो.

दुसरा दोष भिंतीच्या पोटात होता. बाहेरून जी एक जाड भिंत दिसे ती खरोखर दोन पातळ भिंती होत. बाहेरची बाजू घडीव दगडांची, आतली बाजू साध्या दगडांची, आणि मध्ये गोटे, चिपा व माती यांची भर. दोन्ही बाजूंना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. पावसाने आतली माती भिजून फुगली की भिंतीला पोट येई. भूकंपाचा हादरा बसताच दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या व दगडांचा ढीग झाला.

तिसरा दोष कोपऱ्यांचा. दोन भिंती जेथे मिळतात तेथे लांब दगड आळीपाळीने एकमेकांत गुंतवून घालावयास पाहिजेत. ते न केल्यामुळे प्रत्येक भिंत आपापल्या दिशेने डोलली आणि कोपरे उघडले. चौथा दोष लाकडी सांगाड्याचा. खांब नुसते उथळ्यावर ठेवलेले व तुळई नुसती खांबावर टेकलेली. त्यांना तिरप्या टेकूने एकमेकांशी जखडलेले नसे.

ह्या शेवटच्या गोष्टीतच मोठा बोध आहे. पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्या तरी खांब व तुळया यांचा सांगाडा उभाच राहिला. ज्यांच्या घरी लाकडाचे सांधे चांगले होते त्यांच्या डोक्यावर माळवद आले नाही. तेव्हा दगड, माती व लाकूड ह्या वस्तूंचा दोष नव्हता. दोष जोडणीचा होता.

३. पुन्हा बांधणी कशी झाली

सरकारने जागतिक बँकेचे कर्ज घेऊन पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. गावांचे तीन वर्ग करण्यात आले. ज्या ५२ गावांचा जवळजवळ संपूर्ण नाश झाला होता ती जुने गावठाण सोडून नव्या जागी वसविण्यात आली. काही गावे जुन्याच ठिकाणी नव्याने बांधावयाची ठरली. आणि तेरा जिल्ह्यांतील सुमारे २,५०० गावांत, जेथे घरे तडकली होती पण उभी होती, तेथे मालकांनी स्वतः डागडुजी व मजबुती करावी आणि सरकारने पैसा, साहित्य व सल्ला द्यावा असे ठरले. ह्या तिसऱ्या वर्गातील घरे पावणेदोन लाखांहून अधिक होती.

नव्या जागी वसविलेल्या गावांत सरकार, कंपन्या, धर्मादाय संस्था व परदेशी मदतगार यांनी ठेकेदारांकडून घरे बांधवून दिली. जमीनजुमल्याप्रमाणे घरांचे तीन आकार ठरले : भूमिहीन व अल्प जमीन असणारांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस ४०० व मोठ्या शेतकऱ्यांस ७५० चौरस फूट. बेघरांना निवारा मिळाला ही गोष्ट मोठी आहे. तिचे मोल कमी लेखू नये. ज्याने उघड्यावर पावसाळा काढला आहे त्यालाच पक्क्या छपराची किंमत कळते.

परंतु पुढे काही उणिवाही दिसून आल्या. नवी गावे शहरातील वसाहतीप्रमाणे सरळ रस्त्यांच्या चौकटीत आखली होती, व जुन्या गावठाणाच्या कित्येक पट जागेवर पसरली. त्यासाठी पिकाऊ जमीन गेली. रस्ते, गटारे व पाण्याचे नळ लांबच लांब झाले, व ते राखण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेला. शेत दूर पडले. जनावरांना गोठा नाही, कडबा ठेवावयास जागा नाही, अंगण व ओसरी नाही, अशी शेतकऱ्याची अडचण झाली. मग ज्याने त्याने आपल्या सोयीप्रमाणे घराला जोड दिली; आणि ती जोड कित्येक ठिकाणी भूकंपाचे नियम न पाळताच झाली. म्हणजे पाहुण्याने बांधलेले घर बळकट, आणि घरधन्याने जोडलेली पडवी कच्ची, असा प्रकार झाला. बांधण्याची विद्या घराबरोबर दिली गेली नाही, याचे हे फळ.

दुसरी गोष्ट भीतीची. लोकांनी आपली माणसे दगडाखालून काढली होती, म्हणून दगडी भिंत पाहताच त्यांच्या मनात धास्ती उत्पन्न होई. त्यांना सिमेंट-काँक्रीट हवे, अथवा पत्र्याची खोली तरी हवी, असे झाले. पडलेल्या घरांचा चांगला दगड व सागवानी लाकूड पुष्कळ ठिकाणी उपयोगाविना राहिले. ही भीती समजण्याजोगी आहे व तिची थट्टा कोणी करू नये. तथापि भीतीने घेतलेला निर्णय तपासून पाहणे अवश्य आहे.

४. सिमेंटचा हिशेब

सिमेंट करण्यासाठी चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे १,४५० अंश उष्णतेवर भाजावा लागतो. कोळसा जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, आणि स्वतः चुनखडीतूनही तोच वायू बाहेर पडतो. एक टन साध्या सिमेंटमागे हा वायू टनाच्या आठ-नऊ दशांशाइतका हवेत जातो. सर्व जगात मनुष्याच्या उद्योगाने जो हा वायू निघतो त्यापैकी शेकडा ७ ते ८ भाग एकट्या सिमेंटचा आहे. ह्या वायूने पृथ्वीची उष्णता वाढते, पावसाचे मान बिघडते, आणि त्याचा पहिला फटका कोरडवाहू शेतकऱ्यालाच बसतो. पक्क्या विटांचीही गोष्ट अशीच : वीटभट्टी शेताची वरची सुपीक माती व कोळसा किंवा लाकूड, दोन्ही खाते.

म्हणून सिमेंट मुळीच वापरू नये असे कोणी समजू नये. ते औषधाप्रमाणे, जेथे गुण येतो तेथे, बेताने वापरावे. एक उदाहरण घ्या. तीस फूट लांब व वीस फूट रुंद घराच्या चारी भिंतींवरून दीड फूट रुंद व तीन इंच जाड असा काँक्रीटचा पट्टा फिरविला तर साधारणतः सात पोती सिमेंट लागते. त्याच घरावर पाच इंच जाडीचा स्लॅब घालावयाचा तर पंचेचाळीस पोत्यांच्या आसपास लागते. पट्ट्याने भिंती एकत्र बांधल्या जातात व घर वाचते. दुबळ्या भिंतीवर टाकलेला स्लॅब मात्र उलट डोक्यावरचे ओझेच वाढवितो. शिवाय मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो तेव्हा नुसता स्लॅब व नुसता पत्रा यांखाली दुपारी बसवत नाही, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे.

ह्या विषयात लॉरी बेकर यांचे नाव स्मरणीय आहे. हे इंग्लंडातील क्वेकर पंथाचे गृहस्थ १९४५ साली कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या मिशनचे शिल्पज्ञ म्हणून हिंदुस्थानात आले, आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे वारले. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्याने बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर मनात धरला. माती, चुना, स्थानिक दगड व वीट यांनी त्यांनी गरिबांसाठी स्वस्त व सुंदर घरे बांधली. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची जी रचना त्यांनी लोकप्रिय केली तिने शेकडा २५ च्या सुमारास विटा वाचतात, आणि पोकळीतील हवेमुळे घर थंड राहते.

५. दगडमातीचे घर बळकट करण्याचे नियम

किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षीच, म्हणजे १९९३ साली, भारतीय मानक संस्थेने दगडमातीच्या व मातीच्या घरांसाठी भूकंपापासून बचावाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांतील व मजबुतीच्या कामात वापरलेल्या रीतींतील मुख्य गोष्टी येणेप्रमाणे :

(१) नवी दगडी भिंत दीड फुटांहून जाड नसावी. जाड भिंत म्हणजे बळकट भिंत हा समज चुकीचा आहे.

(२) दर दोन फूट उंचीवर व दर चार फूट अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड घालावा. असा दगड न मिळाल्यास त्या जागी सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओतावा.

(३) कोपऱ्यात व भिंतीच्या सांध्यात लांब दगड आळीपाळीने गुंतवावेत.

(४) दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या उंचीवर, सर्व भिंतींवरून अखंड फिरणारा पट्टा घालावा. तो काँक्रीटचा असल्यास आत दोन सळया व त्यांना बांधणाऱ्या कड्या असाव्यात. काँक्रीट परवडत नसेल तर दोन समांतर लाकडे व मध्ये आडव्या पट्ट्या, अशी शिडीसारखी लाकडी चौकट भिंतीत निजवावी. पट्टा कोठेही तुटता कामा नये. कमरेचा पट्टा एका जागी तुटला तर सगळाच सुटतो, तसेच हे आहे.

(५) दार किंवा खिडकी कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत ठेवू नये. आडव्या भिंतीचा आधार नसलेली सरळ भिंत सोळा फुटांपलीकडे नेऊ नये.

(६) माळवदावरील जुनी माती उतरवून थर अर्ध्या फुटाच्या आसपास आणावा. गळती थांबविण्यासाठी मातीखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा व पन्हाळी नीट ठेवाव्यात. दहा फुटी खोलीवरील सत्तर पोती भार अशाने पंचवीस पोत्यांच्या आत येतो. ह्या कामाला पैसा थोडा लागतो व घाम अधिक.

(७) खांब व तुळई यांच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू ठोकावेत.

(८) उभ्या असलेल्या जुन्या भिंतीतून, एका वेळी एकेक दगड हलकेच काढून आरपार भोक करावे, त्यात दोन्ही टोकांना वळविलेली सळई ठेवावी व काँक्रीट भरावे. भिंतीला पोट आले असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा. नुसता गिलावा करून पोट झाकू नये. हे काम जाणत्या गवंड्याच्या देखरेखीखालीच करावे, व करताना छपराला टेके द्यावेत.

ह्या नियमांत कोठेही परदेशी वस्तू नाही. गावचा गवंडी, गावचा सुतार व गावचा दगड यांनी हे काम होते. जुने घर पाडून नवे बांधण्यापेक्षा जुने बळकट करण्यात खर्च थोडा लागतो, शिवाय दगड, लाकूड व इंधन वाचते. जे घर पाडावे लागत नाही तेच सर्वांत काटकसरीचे घर होय.

६. इतर प्रांतांची साक्ष

तारीख २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात याहूनही मोठा भूकंप झाला व तेरा हजारांहून अधिक माणसे मेली. तेथील बन्नी भागात लोक भुंगा नावाची वाटोळी मातीची घरे बांधतात. त्यांवर गवताचे हलके छपर असते. चांगल्या स्थितीतील अशी घरे पुष्कळ ठिकाणी टिकली, तर शहरांतील काँक्रीटच्या अनेक मजली इमारती कोसळल्या. वाटोळ्या भिंतीला कोपरा नसतो, म्हणून उघडावयाचा सांधाच नसतो. आणि छपर हलके असते. त्यानंतर भूज येथील हुन्नरशाला ह्या संस्थेने तेथील कारागिरांस बरोबर घेऊन, मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांनी व ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंतींनी नवी घरे उभारली.

काश्मिरातही असेच दिसले. तेथे लाकडाच्या बारीक चौकटींत दगड-माती भरून भिंत करण्याची जुनी रीत आहे. तिला धज्जी दिवारी म्हणतात. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात ह्या भिंतींना भेगा पडल्या, पण चौकटीने त्यांना धरून ठेवले. तेव्हा पाकिस्तानातील पुनर्वसन अधिकाऱ्यांनी ह्या जुन्या रीतीला मान्यता दिली. वाडवडिलांच्या विद्येत जे चांगले आहे ते ओळखून, त्यातील उणे तेवढे भरून काढावे, असा या सर्वांचा अर्थ आहे.

जागेविषयीही एक शब्द. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला व १५१ माणसे मेली. तेव्हा घर कितीही चांगले असले तरी ते कोठे उभे आहे हे आधी पाहावे. तीव्र उताराखाली, ओढ्याच्या पात्रात, अथवा नव्या भरावावर घर बांधू नये. काळ्या मातीत पाया घ्यावयाचा तर ती माती भिजून फुगते व वाळून तडकते हे ध्यानात ठेवून, खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदावे.

७. पाणी, सावली व वारा

नवे घर उभारताना त्याच खर्चात आणखी काही साधता येते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट सर्व देशाने पाहिली. ज्या प्रदेशात असे दिवस येतात तेथे छपरावरचे पाणी वाहू देणे म्हणजे धान्य उकिरड्यावर टाकणे होय. ४०० चौरस फुटांच्या छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २२,००० लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी सतरा हजार लिटरांहून अधिक टाकीत साठविता येते किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरविता येते.

घराची लांब बाजू उत्तर-दक्षिण दिशांकडे तोंड करून ठेवावी, म्हणजे पश्चिमेचे ऊन लांब भिंतीवर येत नाही. समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात, म्हणजे वारा खेळतो. पश्चिमेला ओसरी करावी, व पायाला मुळांचा उपद्रव होणार नाही इतक्या अंतरावर कडुनिंब लावावा. चुलीचा धूर जाण्यास वाट ठेवावी. ह्या गोष्टी कागदावर आखताना फुकट होतात. घर झाल्यावर करावयाच्या तर भिंत फोडावी लागते.

८. बांधावयाचे कोणी

किल्लारीच्या भागातील सर्वांत मोलाचा अनुभव हा की जेथे घरमालक स्वतः कामात उभा राहिला तेथे काम टिकले. मजबुतीच्या कामात गावोगावी समित्या झाल्या, आणि स्वयम् शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या मदतीने महिला मंडळांतील स्त्रियांस संवाद सहायक नेमण्यात आले. ज्या स्त्रिया पूर्वी चावडीवर बोलत नसत त्या इंजिनियराला प्रश्न विचारू लागल्या. सळई किती जाडीची, सिमेंटचे प्रमाण किती, हप्ता का मिळाला नाही, हे तपासू लागल्या. पुढे कच्छात भूकंप झाला तेव्हा लातूरकडील स्त्रियाच तेथे जाऊन तेथील बहिणींस आपला अनुभव सांगून आल्या. ज्यांनी मदत घेतली त्यांनीच मदत दिली, हे पाहून कोणाचे मन प्रसन्न होणार नाही?

नहेम्याच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा उभारताना पुष्कळ कुटुंबांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. त्यांत सोनार होते, अत्तरे करणारे होते, व एका अधिकाऱ्याच्या मुलीही होत्या. जो आपल्या दारासमोर बांधतो तो कच्चे काम करीत नाही.

आता आपल्या मंडळ्यांविषयी. पुष्कळ गावांत आपले प्रार्थनामंदिर व शाळा ह्या जुन्या दगडी इमारती आहेत. पूर आला, वादळ झाले, तर लोक त्यांतच आसऱ्याला येतात. आसऱ्याची जागाच अंगावर पडू नये म्हणून त्यांची तपासणी प्रथम झाली पाहिजे. नवी इमारत बांधण्यासाठी वर्गणी जमविणे सोपे असते, कारण तीवर देणगीदाराची पाटी लागते. माळवदावरची माती उतरविण्याच्या कामावर पाटी लागत नाही. तरी त्या कामाने जीव वाचतात.

प्रचारकांनी हा पाठ वाचून दाखविताना गावच्या गवंड्याला व सुताराला, ते कोणत्याही समाजाचे असोत, मुद्दाम बोलवावे व त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्यांना अपमान वाटेल असे काही बोलू नये; वडिलांनी शिकविले तसे त्यांनी बांधले. नवी गोष्ट दाखवावयाची तर एका भिंतीवर करून दाखवावी. शंभर व्याख्यानांपेक्षा एक आरपार दगड बरा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात सर्वांत जुने माळवद कोणाचे? त्यावर मातीचा थर किती आहे? वरील रीतीने त्याचे वजन काढा.

२. कोणत्या भिंतींना पोट आले आहे? कोणत्या कोपऱ्यांत उभी भेग आहे? त्या घरांत म्हातारी माणसे व लहान मुले कोठे निजतात?

३. घर पडल्यास त्याचा कोणता दगड, लाकूड व माती पुन्हा उपयोगात आणता येईल?

४. नवे घर बांधून मिळत असेल तर जनावरे, कडबा, चूल, पाणी व शेताचे अंतर यांविषयी आपण कोणत्या गोष्टी आधी विचाराव्यात?

५. विधवा, वृद्ध अथवा एकटी स्त्री ह्यांच्या घराची माती उतरविण्यास मंडळीतील तरुणांपैकी कोण कोण जातील, व केव्हा?

ह्या पाचव्या प्रश्नाचे उत्तर नुसते तोंडी देऊ नये. नावे व वार लिहून घ्यावेत, जाताना कुदळ व घमेली बरोबर न्यावीत, आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी निदान एका घराचे काम पुरे करावे. काम झाल्यावर त्या घरच्या माणसांस निजण्याची जागा दाखवावयास सांगावी, व तेथे वर पाहून तुळईचा सांधा नीट बसला आहे की नाही याची खात्री करून मगच परत यावे.